कृत्रिम पाय आणि शाबितीची जबाबदारी

१९०४ साली अमेरिकेतील सेंट लुई येथे ऑलिंपिक स्पर्धा भरल्या, तेव्हा जॉर्ज आयझर नावाच्या व्यायामपटूने २९ ऑक्टोबर या एकाच दिवशी सहा पदके मिळवली. त्यांपैकी तीन सुवर्णाची, दोन रौप्याची आणि एक कांस्याचे होते. आयझर हा जर्मनीत जन्मलेला, अमेरिकेत स्थायिक झालेला आणि एका बांधकाम कंपनीत हिशेबनिसाची नोकरी करणारा गृहस्थ होता. दोर चढणे, पॅरलल बार आणि घोड्यावरील उडी या तीन प्रकारांत त्याने सुवर्णपदक पटकावले. यातील उडीचा प्रकार पायांच्या बळावर अवलंबून असतो, आणि आयझरचा डावा पाय लाकडाचा होता. या लाकडी पायाचा त्याला गैरवाजवी लाभ मिळाला, असा विचार कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. लाकडी पाय ही अडचण आहे, तीवर मात करणारा मनुष्य कौतुकास पात्र आहे, एवढाच त्या काळचा सरळ हिशेब होता.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी हा हिशेब उलटा झाला. दोन्ही पाय गुडघ्याखाली नसलेला एक तरुण धडधाकट धावपटूंच्या बरोबरीने धावू लागताच त्याचे कृत्रिम पाय ही अडचण आहे की अन्याय्य सवलत, असा प्रश्न उपस्थित झाला. तो प्रयोगशाळेत गेला, तेथून न्यायासनासमोर गेला, आणि आज इतकी वर्षे लोटल्यावरही निर्णायकपणे सुटलेला नाही. वरवर पाहता हा प्रश्न मूठभर खेळाडूंचा आहे. परंतु एखाद्याच्या यशाविषयी शंका आली, तर ती खरी ठरवण्याचे काम शंका घेणाऱ्याचे की जिच्याविषयी शंका घेतली त्या व्यक्तीचे, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र सर्वांचा आहे. परीक्षेच्या खोलीपासून कचेरीतील बढतीपर्यंत तो कोणालाही केव्हाही सामोरा येऊ शकतो.

पिस्टोरियसचे प्रकरण

ज्याच्यामुळे हा वाद जगापुढे आला तो ऑस्कर पिस्टोरियस दक्षिण आफ्रिकेचा. जन्मतःच त्याच्या पोटऱ्यांत एकेक हाड नव्हते, आणि तो अकरा महिन्यांचा असताना त्याचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. कार्बन तंतूंपासून बनवलेली, इंग्रजी जे अक्षराच्या आकाराची दोन पाती पायांना जोडून तो धावत असे. पुढे २०१३ साली आपल्या मैत्रिणीचा बळी घेतल्याबद्दल तो खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरला, आणि त्याच्या नावाभोवतीचे तेज कायमचे विझले. ते विझणे योग्यच होय. परंतु त्याने उभा केलेला प्रश्न त्याच्या गुन्ह्याहून वेगळा आहे, आणि त्याचा विचारही वेगळाच केला पाहिजे.

मैदानी स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २००७ साली आपल्या नियमांत एक नवे कलम घातले. स्प्रिंग, चाके किंवा तत्सम साधनांनी इतरांवर वरचढ ठरवणाऱ्या तांत्रिक उपकरणांना त्याने मनाई केली. त्याच वर्षी जर्मनीतील कोलोन येथे प्राध्यापक ब्रुगेमान यांच्या देखरेखीखाली पिस्टोरियसची चाचणी झाली. त्याच वेगाने धावणाऱ्या धडधाकट खेळाडूंपेक्षा त्याला सुमारे २५ टक्के कमी शक्ती खर्च करावी लागते, तसेच मानवी घोट्यात जेथे सुमारे ४१ टक्के ऊर्जा वाया जाते तेथे पात्यात ती केवळ ९ टक्क्यांच्या आसपास वाया जाते, असा त्यांचा निष्कर्ष होता. या अहवालाच्या आधारे जानेवारी २००८ मध्ये महासंघाने पिस्टोरियसला आपल्या स्पर्धांतून दूर केले.

त्याने लोझान येथील क्रीडा लवाद न्यायालयाकडे दाद मागितली, आणि १६ मे २००८ रोजी तिघा लवादांनी एकमताने बंदी रद्द केली. निर्णयाचा गाभा लक्षात घेण्यासारखा आहे. कोलोनची चाचणी धावपटूने पुरेसा वेग घेतल्यानंतरच्या सरळ धावेपुरती मर्यादित होती. सुरुवातीच्या रेट्यात आणि वेग वाढवण्याच्या टप्प्यात पात्यांवरील धावपटू मागे पडतो, ही बाब तिच्यात जमेस धरलेली नव्हती. जमाखर्चाची एकच बाजू वाचून शिल्लक काढता येत नाही, आणि संपूर्ण शर्यतीत पिस्टोरियसला निव्वळ लाभ होतो हे महासंघाला सिद्ध करता आलेले नाही, असे लवादाने ठरवले. कृत्रिम पाय असलेल्या प्रत्येक खेळाडूला हा परवाना नसल्याचेही त्याने स्पष्ट केले. निर्णय एका व्यक्तीपुरता आणि एका बनावटीच्या पात्यांपुरता होता.

पुढे जे घडले त्याने दोन्ही पक्षांतील अतिरेकी मंडळींची निराशा झाली. बंदी उठली तरी पिस्टोरियस त्या वर्षीच्या बीजिंग ऑलिंपिकला पोहोचला नाही. चारशे मीटरच्या पात्रतेसाठी ४५.५५ सेकंदांची वेळ हवी होती, त्याची वेळ ४६.२५ सेकंद झाली. २०११ मध्ये त्याने ४५.०७ सेकंदांपर्यंत मजल मारली आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो उपांत्य फेरीत धावला. तेथे तो आपल्या गटात शेवटचा आला. शर्यत संपताच ग्रेनेडाच्या किराणी जेम्सने त्याच्याशी आपल्या नावाची पट्टी बदलून घेतली. हाच जेम्स पुढे त्या शर्यतीत सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. ज्याच्याशी स्पर्धा होती त्यानेच हा आदर दाखवला, हे येथे नोंदवले पाहिजे.

पाते काय करते

हा वाद समजावून घ्यायचा तर धावणाऱ्या माणसाचा पाय आणि हे पाते यांतील फरक पाहिला पाहिजे. धावताना पाय जमिनीवर आपटतो तेव्हा घोट्यामागील जाड शीर ताणली जाते आणि सुटताना पुढे ढकलते. पाते हेच काम करते, आणि साठवलेली ऊर्जा परत देण्यात ते अधिक काटकसरी आहे. परंतु पाते फक्त मिळालेले परत करते. मानवी पायात पोटरीचे स्नायू असतात आणि ते स्वतःची नवी ताकद त्यात घालतात. निर्जीव पात्याला ती ताकद नसते. म्हणून नुसत्या परताव्याची टक्केवारी मांडून पाते पायापेक्षा सरस आहे असे म्हणणे म्हणजे कर्जफेडीत चोख असलेल्या माणसाला श्रीमंत म्हणण्यासारखे आहे.

दुसऱ्या बाजूस पाते हलके असते. गुडघ्याखालचा जिवंत पाय आणि पाऊल यांच्या निम्म्याहूनही त्याचे वजन कमी भरते. हलकी वस्तू लवकर पुढे आणता येते, त्यामुळे पावलांची गती वाढते. शिवाय पोटरीच नसल्यामुळे तिच्यात थकवा साठत नाही. याच्या समोर मांडायच्या तोट्यांची यादीही लहान नाही. पावलाखालच्या जमिनीची जाणीव नसते, वळणावर तोल सांभाळणे कठीण जाते, सुरुवातीच्या ठोकळ्यांवरून जोर घेता येत नाही, आणि खोबणीत घातलेल्या पायाची कातडी घामाने व घर्षणाने सोलून निघते.

या जमाखर्चाची शिल्लक काय, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही, आणि मतभेदाची कथा बोधप्रद आहे. पिस्टोरियसच्या बाजूने ज्या सात शास्त्रज्ञांनी अमेरिकेत ह्यूस्टन येथे चाचण्या केल्या, त्यांनी आपले निष्कर्ष २००९ मध्ये एकत्रितपणे प्रसिद्ध केले. धावण्यासाठी लागणारी शक्ती आणि थकण्याचा वेग या दोन बाबतींत पिस्टोरियस धडधाकट धावपटूंसारखाच आहे, मात्र त्याच्या धावण्याची रीत वेगळी आहे, असे त्यांना आढळले होते. त्यानंतर याच मंडळींत फूट पडली. पीटर वेयांड आणि मॅथ्यू बंडल यांनी म्हटले की, हलक्या पात्यांमुळे पाय इतक्या त्वरेने पुढे येतो की चारशे मीटरमध्ये दहा सेकंदांच्या घरातील लाभ होतो. ह्यू हर, रॉजर क्रॅम आणि इतरांनी ते अमान्य केले. एकाच माणसाच्या आकड्यांवरून असा सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांचा एकच पाय कृत्रिम आहे अशा सहा धावपटूंचा अभ्यास त्यांच्यापैकी काहींनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पात्याच्या बाजूने जमिनीवर पडणारा जोर जिवंत पायापेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी कमी भरला, आणि पाय पुढे आणण्याच्या वेळेत फरक दिसला नाही. माणूस तोच, शर्यत तीच, फक्त पाय दोन प्रकारचे, अशी ही तुलना असल्यामुळे तिला वजन आहे.

त्याच प्रयोगशाळेतून, त्याच मोजमापांवरून, जाणत्या माणसांनी दोन परस्परविरुद्ध निष्कर्ष काढले. यात कोणी लबाडी केली असे म्हणण्याचे कारण नाही. एकाच पातळीवर धावणारे डझनभर द्विपाद-विकल धावपटू जगात उपलब्ध नसतात, आणि प्रत्येकाच्या उरलेल्या पायाची लांबी, पात्याचा ताठपणा व धावण्याची लकब वेगवेगळी असते. खात्रीचा कौल देता येईल इतकी सामग्रीच विज्ञानाच्या हाती नाही. अशा परिस्थितीत निर्णय देण्याचे काम शेवटी नियमांवर येऊन पडते.

शेजारच्या धावपट्टीवरील माणूस

प्रतिपक्षाची बाजू दुबळी करून मांडणे हा वादाचा प्रामाणिक मार्ग नव्हे. जर्मनीचा मार्कुस रेम हा लांब उडी मारणारा खेळाडू. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे, आणि उडी घेताना तो याच पायावरून झेपावतो. २०१४ साली उल्म येथे जर्मनीच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने ८.२४ मीटर उडी मारून धडधाकट खेळाडूंना मागे टाकले. दुसरा आलेला क्रिस्टियान राइफ २०१० चा युरोपीय विजेता होता, आणि त्याची उडी ८.२० मीटर होती. चार सेंटिमीटरनी हुकलेले विजेतेपद हा राइफच्या दृष्टीने तात्त्विक चर्चेचा विषय असू शकत नाही. त्यानेही वर्षानुवर्षे पहाटे उठून सराव केला होता, आणि आपल्याला हरवणारी झेप स्नायूंची की पात्याची, हे विचारण्याचा त्याला अधिकार होता. रेमला त्या वर्षीच्या युरोपीय स्पर्धेसाठी जर्मन संघात घेतले गेले नाही.

त्यानंतर रेम थांबला नाही. २०१८ मध्ये ८.४८ मीटर, २०२१ मध्ये ८.६२ मीटर आणि २०२३ मध्ये ८.७२ मीटर असे त्याचे अंतर वाढत गेले. लंडन, रिओ आणि टोकियो या तीन ऑलिंपिकमधील सुवर्णपदके अनुक्रमे ८.३१, ८.३८ आणि ८.४१ मीटरवर जिंकली गेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे महासंघाची अस्वस्थता समजू शकते. २०१६ मध्ये जर्मनी, अमेरिका आणि जपान येथील संशोधकांनी रेमचा अभ्यास केला. धावत येण्यात तो मागे पडतो, परंतु झेप घेण्याची त्याची क्रिया अधिक परिणामकारक असते, एवढे त्यांना दिसले. दोहोंची बेरीज केल्यावर लाभ उरतो की तोटा, हे मात्र त्यांना ठरवता आले नाही. आपली उडी क्रमवारीबाहेर ठेवावी, पण सर्वांबरोबर खेळू द्यावे, अशीही तयारी रेमने दाखवली होती. तरीही ऑलिंपिकचे दार त्याच्यासाठी उघडले नाही.

खेळ हा नियमांनीच बांधलेला असतो, त्यामुळे साधनांवर मर्यादा घालणे हा भेदभाव ठरत नाही, ही गोष्टही मान्य केली पाहिजे. २००९ साली रोमच्या जागतिक जलतरण स्पर्धेत पॉलियुरेथेनच्या पोशाखांमुळे ४३ विश्वविक्रम मोडले, आणि १ जानेवारी २०१० पासून हे पोशाख बंद झाले. धावपटूंच्या बुटांत कार्बनची पट्टी आणि जाड तळवे आल्यावर २०२० मध्ये तळव्याच्या जाडीला ४० मिलिमीटरची मर्यादा घातली गेली आणि पट्टी एकच असावी असे ठरले. म्हणजे कार्बनची मदत धडधाकट धावपटूंनाही आज मिळतेच, फक्त तिचे माप ठरलेले आहे. पात्यांचेही माप ठरवण्यास तत्त्वतः हरकत असू नये.

परंतु बूट आणि पाते यांत एक मूलभूत अंतर आहे. बूट काढून ठेवला तरी धावपटू उभा राहतो. पोशाख नाकारला तर पोहणारा जुना पोशाख घालून पाण्यात उतरतो. पाते नाकारले तर त्या मनुष्याला स्पर्धेतूनच नव्हे, मैदानावरूनच परतावे लागते. म्हणूनच बुटाला जो न्याय तोच पात्याला लावून मोकळे होणे योग्य नाही. जेथे निर्बंधाचा परिणाम इतका टोकाचा असतो, तेथे निर्बंध घालणाऱ्याकडून अधिक भक्कम कारणाची अपेक्षा करावी लागते.

सिद्ध कोणी करायचे?

नेमक्या याच ठिकाणी महासंघाची वाट चुकली. पिस्टोरियसच्या प्रकरणात हार पत्करावी लागल्यानंतर २०१५ मध्ये त्याने नियमच फिरवला. आपल्या कृत्रिम पायामुळे आपल्याला लाभ होत नाही, हे यापुढे खेळाडूनेच सिद्ध करावे, असे ठरवण्यात आले. लवादासमोर जे सिद्ध करणे साधनसंपन्न महासंघाला जमले नव्हते, त्याच्या उलट सिद्ध करण्याचे काम एकेकट्या खेळाडूवर टाकले गेले. एखादी गोष्ट नाही हे सिद्ध करणे ती आहे हे सिद्ध करण्यापेक्षा नेहमीच अवघड असते. त्यासाठी प्रयोगशाळा, तज्ज्ञ आणि वकील लागतात, आणि त्यांचा खर्च ज्याला झेपतो त्यालाच न्याय मागता येतो. रेमचे प्रकरण तर संशोधकांनाही उलगडले नव्हते. ज्या प्रश्नाचे उत्तर तीन देशांतील तज्ज्ञांना देता आले नाही, ते एका खेळाडूने द्यावे आणि न दिल्यास घरी बसावे, असा हा नियम होता.

अमेरिकेचा ब्लेक लीपर याने त्याला आव्हान दिले. लीपरचे दोन्ही पाय जन्मतःच गुडघ्याखाली नाहीत. तो चारशे मीटर ४५ सेकंदांच्या आत धावला आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत धडधाकट धावपटूंच्या अंतिम फेरीत पाचवा आला. ऑक्टोबर २०२० मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाने दिलेल्या निर्णयाचे दोन भाग आहेत. शाबितीची जबाबदारी खेळाडूवर टाकणारा नियम बेकायदा असल्याचे त्याने जाहीर केले. हा लीपरचा, आणि त्याच्यामागून येणाऱ्या सर्वांचा, विजय होता. परंतु त्याच निर्णयात लवादाने असेही म्हटले की, लीपर ज्या पात्यांवर धावतो ती इतकी लांब आहेत की नैसर्गिक पाय असते तर त्याची जी उंची झाली असती तिच्यापेक्षा तो सुमारे १५ सेंटिमीटर उंच होऊन धावतो, आणि त्यामुळे त्याला लाभ होतो हे सिद्ध झाले आहे. तत्त्व जिंकूनही लीपर हरला.

या निकालाचे दोन्ही भाग परस्परांना छेद देत नाहीत. जेथे पुरावा आहे तेथे बंदी, जेथे पुरावा नाही तेथे प्रवेश, हेच सूत्र दोहोंत आहे. पायाची लांबी ही निसर्गाने न देता कारागिराने ठरवलेली असते, म्हणून तिला मर्यादा हवी हे पटण्यासारखे आहे. फिनलंडचा बर्फावर घसरणारा खेळाडू एरो मॅन्टिरांटा याच्या रक्तात जन्मजात दोषामुळे तांबड्या पेशी फार अधिक होत्या. त्याने ऑलिंपिकमध्ये सात पदके मिळवली, आणि निसर्गाने दिलेल्या देणगीबद्दल कोणी ती परत मागितली नाहीत. लांब पाय घेऊन जन्मलेल्या धावपटूलाही कोणी ते आखूड करायला सांगत नाही. परंतु पाय किती लांब असावेत हे जेथे निवडता येते, तेथे निवडीला सीमा असणे न्याय्यच होय. या बाबतीत खुद्द पिस्टोरियसचे उदाहरण बोलके आहे. २०१२ च्या पॅरालिंपिकमध्ये दोनशे मीटरच्या शर्यतीत ब्राझीलच्या ॲलन ओलिव्हेराने त्याला मागे टाकले. तेव्हा ओलिव्हेराची पाती फार लांब आहेत अशी तक्रार करणारा पहिला माणूस पिस्टोरियसच होता. तक्रारीच्या वेळेबद्दल त्याने दुसऱ्या दिवशी क्षमा मागितली, तक्रारीबद्दल नव्हे.

मात्र सीमा आखायची तर तिचे मोजमाप चोख असले पाहिजे. हाडांच्या इतर मापांवरून माणसाची संभाव्य उंची काढणारे सूत्र पॅरालिंपिक समितीने २०१८ पासून बदलले आणि परवानगीची उंची कमी केली. हे सूत्र ज्या लोकांच्या मापांवरून बसवले त्यांत आफ्रिकी वंशाच्या लोकांचा समावेश नाही, असा आक्षेप कृष्णवर्णीय लीपरच्या बाजूने घेतला गेला. शरीराची ठेवण वंशागणिक बदलत असेल, तर एका समूहाच्या मापाने दुसऱ्या समूहाची उंची ठरवणे हा शिंप्याने एकाचे माप घेऊन दुसऱ्याचा अंगरखा बेतण्यासारखा प्रकार ठरेल. हा आक्षेप केवळ एका खेळाडूचा म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही. भारतीय उपखंडातील धावपटूंनाही उद्या तोच प्रश्न पडणार आहे.

जिंकेपर्यंत सर्व ठीक

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. हरयाणातील सुमित अंतिल या भालाफेकपटूचा डावा पाय २०१५ मधील अपघातात गुडघ्याखाली गेला. त्याने टोकियो आणि पॅरिस या दोन पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले. पॅरिसमधील त्याची फेक ७०.५९ मीटरची होती. २०२१ साली पतियाळा येथील खुल्या स्पर्धेत तो नीरज चोप्रासह इतर धडधाकट खेळाडूंबरोबर उतरला, तेव्हा त्याच्या कृत्रिम पायाची चौकशी करावी असे कोणाला सुचले नाही. सुचण्याचे कारणही नव्हते, कारण सर्वोत्तम धडधाकट भालाफेकपटू ९० मीटरच्या आसपास फेकतात. अपंग खेळाडू मागे असेपर्यंत प्रेरणास्थान असतो. तो बरोबरीला आला की संशयित होतो. मनुष्यस्वभावाचा हा भाग समजण्यासारखा असला, तरी नियम त्यावर आधारता येत नाहीत. निकाल पाहून नियम करणे ही न्यायाची रीत नव्हे. नियम निकालाच्या आधी ठरले पाहिजेत, आणि जिंकणाऱ्याला व हरणाऱ्याला ते सारखेच लागू झाले पाहिजेत.

भारताच्या दृष्टीने या वादाला एक वेगळी किनार आहे. पुण्यातील कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून जखमी सैनिकांना पुन्हा उभे करीत आले आहे. जयपूरला रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास जो पाय घडवला, त्याने अनवाणी चालणे, चिखलात काम करणे आणि उकिडवे बसणे अपंगांना शक्य केले. डॉ. सेठींना त्याबद्दल १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे पाय जगण्यासाठी आहेत. शर्यतीत धावण्याची पाती ही निराळी वस्तू आहे, आणि तिची किंमत सामान्य घरातील तरुणाच्या आवाक्याबाहेरची असते. अपंगांच्या शर्यतींतही ज्या देशाकडे पैसा आणि प्रयोगशाळा आहेत त्याचा धावपटू पुढे असतो. पात्यामुळे मिळणारा लाभ अन्याय्य आहे काय, यावर जगभर इतकी शाई खर्च झाली, पण पातेच न मिळणे हा अन्याय आहे काय, याची चर्चा त्या मानाने फार थोडी झाली. न्याय्य स्पर्धेची चाड असणाऱ्या संस्थांनी या दुसऱ्या प्रश्नापासून तोंड फिरवता कामा नये.

या साऱ्याचे तात्पर्य काढायचे तर ते असे. कृत्रिम पाय सरसकट लाभदायक आहेत हे सिद्ध झालेले नाही, आणि ते सरसकट निरुपद्रवी आहेत हेही सिद्ध झालेले नाही. एक पाय गमावलेला व दोन्ही गमावलेला, शंभर मीटर धावणारा व चारशे मीटर धावणारा, धावणारा व उडी मारणारा, या सर्वांचा हिशेब वेगवेगळा आहे आणि तो वेगवेगळाच मांडला पाहिजे. ज्याने बंदी घालायची त्याने ती स्वतःच्या खर्चाने, उघड चाचण्यांच्या आधारे आणि संपूर्ण शर्यतीचा जमाखर्च मांडून सिद्ध करावी. पात्यांच्या लांबीला मर्यादा असावी, पण तिचे सूत्र सर्व वंशांच्या मापांवर बेतलेले असावे. आणि जेथे विज्ञान गप्प आहे तेथे खेळाडूला मैदानात येऊ द्यावे, फार तर त्याचे अंतर किंवा वेळ स्वतंत्र नोंदवावी. रेमने हाच मार्ग दाखवला होता, आणि त्यात राइफसारख्या प्रतिस्पर्ध्याचे पदकही सुरक्षित राहते.

धावपटूची उमेदीची वर्षे थोडी असतात. लीपर निकालाच्या वेळी एकतिशीत होता, आणि रेम पहिल्यांदा राष्ट्रीय विजेता झाला त्याला दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. समित्या आणि लवाद यांना वेळेची चणचण नसते, ती असते खेळाडूला. निर्णय लांबवणे हे तटस्थपणाचे वाटले तरी त्याचा परिणाम बंदीहून वेगळा नसतो. २०२८ मध्ये लॉस एंजेलिस येथे ऑलिंपिक भरणार आहे. जॉर्ज आयझर आपला लाकडी पाय घेऊन ज्या देशात सहा पदके मिळवून गेला, त्याच देशात त्या भरतील. तोपर्यंत हे नियम स्पष्ट शब्दांत जाहीर होणे, हे महासंघाचे या खेळाडूंप्रती आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांप्रतीही कर्तव्य आहे.